धान्याची पोती, रणगाडे आणि सातबारा

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीनं विचारलं आहे: ‘शीतयुद्धात साम्यवाद रोखण्यासाठी अमेरिकेनं काही देशांना पैसा आणि धान्य दिलं, काही देशांत शस्त्रं आणि फौजा पाठवल्या. यातल्या कशानं काम झालं? दोन्हींचं योग्य प्रमाण काय असायला हवं होतं?’

उत्तर लांबणार आहे, तेव्हा सवडीनं वाचा. मी आयुष्यभर पाण्याचं काम केलं. पाटबंधारे खात्यात उमेदवारी केली, मग वीसेक वर्षं परदेशी मदतीवर चालणाऱ्या सिंचन प्रकल्पांत शेतकऱ्यांना पाणी वापर संस्था कशा चालवायच्या ते शिकवलं. आधी फिलिपाईन्स, मग नेपाळ, शेवटी व्हिएतनाम. राजधानीत मंजूर झालेला पैसा बांधापर्यंत पोचता पोचता त्याचं काय होतं, हे मी जवळून पाहिलं आहे. मी राहिलो त्यातली बरीच गावं या लढाईत भाजून निघालेली होती.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पैसा किती आणि फौज किती, हा हिशेब नंतरचा. साम्यवादी कार्यकर्ता गावात येऊन लोकांना काय देऊ करत होता, ते आधी बघावं लागतं. आशियात तो बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट देऊ करत होता: कसेल त्याची जमीन. जिथल्या सरकारनं ती गोष्ट स्वतःहून दिली, तिथं थोडी फौज आणि थोडका पैसा पुरला. जिथं सरकार जमीनदारांचंच होतं, तिथं दोन्ही कितीही ओतलं तरी झिरपून गेलं. फौज वेळ मिळवून देते. त्या वेळात सरकार काय करतं, यावर सगळं अवलंबून असतं. आणि ते काम बाहेरचा कुणी करून देऊ शकत नाही.

युरोपचं उदाहरण वेगळं आहे, तरी तिथूनच सुरुवात करतो, कारण मार्शल योजनेवरून सगळ्यात जास्त चुकीचे धडे घेतले गेले. १९४६-४७ चा हिवाळा युरोपला फार जड गेला. कोळसा नव्हता, धान्य नव्हतं, आणि फ्रान्स-इटलीत कम्युनिस्ट पक्षांना लाखांनी मतं पडत होती. ५ जून १९४७ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल हार्वर्डमध्ये बोलले, आणि १९४८ ते १९५२ या काळात सुमारे १३ अब्ज डॉलर युरोपात गेले. पद्धत अशी होती: फ्रेंच कारखानदाराला अमेरिकेतलं यंत्र हवं असेल तर त्याचे डॉलर अमेरिका भरायची, आणि कारखानदार तेवढे फ्रँक आपल्याच सरकारच्या एका वेगळ्या खात्यात जमा करायचा. त्या खात्यातून अमेरिकेच्या संमतीनं पुन्हा वीजकेंद्रं, रेल्वे, खाणी यांवर खर्च व्हायचा. म्हणजे एकाच पैशातून दोनदा काम निघायचं.

हे जमलं, कारण तिथं इंजिनिअर होते, हिशेब ठेवणारे कारकून होते, कर गोळा करणारी यंत्रणा होती. विहीर खोदलेली होती, मोटार बसवलेली होती, फक्त वीज गेली होती. आशियात विहीरच खोदायची होती, आणि ती कुणाच्या रानात खोदायची यावरून खून पडत होते. वॉशिंग्टनमधल्या पुष्कळ हुशार माणसांना हा फरक पुढची वीस वर्षं उमगला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

त्या काळातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. साम्यवादाला आवर घालण्याच्या धोरणाचा पाया ज्यांच्या लिखाणानं घातला, त्या जॉर्ज केनन यांना युरोपातला खरा धोका रशियन फौजेत दिसत नव्हता. थकलेल्या, हताश झालेल्या समाजांत दिसत होता. म्हणून त्यांचा भर आर्थिक आणि राजकीय उपायांवर होता. पण एप्रिल १९५० मध्ये अमेरिकी सरकारच्या ‘एनएससी-६८’ या गोपनीय टिपणानं लष्करी ताकद कैक पटींनी वाढवण्याचा आग्रह धरला, आणि जूनमध्ये कोरियात युद्ध पेटलं. वर्षाला १३ अब्ज डॉलरच्या आसपास असलेला संरक्षणखर्च दोन-तीन वर्षांत ५० अब्जांच्या घरात गेला. १९५१ पासून आर्थिक मदतही ‘परस्पर सुरक्षा’ नावाच्या कायद्याखाली आली. तेव्हापासून धरण मागायचं असलं तरी ते साम्यवादाविरुद्ध कसं उपयोगी पडेल ते सांगावं लागू लागलं. तोल गेला तो इथं.

आता ग्रीस. ब्रिटननं फेब्रुवारी १९४७ मध्ये कळवलं की ग्रीस आणि तुर्कस्तानचा भार आता आम्हाला पेलवत नाही. १२ मार्चला अध्यक्ष ट्रुमन यांनी संसदेकडे ४० कोटी डॉलर मागितले. त्यातले ३० कोटी ग्रीससाठी होते. बेत असा होता की बराच पैसा बंदरं, रस्ते, शेती यांवर जाईल. पण डोंगरात कम्युनिस्ट बंडखोरांशी यादवी युद्ध पेटलेलं होतं, सुमारे सात लाख माणसं गावं सोडून शहरांच्या कडेला येऊन पडली होती, आणि पुनर्बांधणीसाठी ठेवलेला पैसा हळूहळू सैन्याकडे वळवावा लागला. अमेरिकेनं लढायला स्वतःचे शिपाई पाठवले नाहीत. जनरल व्हॅन फ्लीट यांच्या हाताखाली सल्लागार पाठवले, दारूगोळा आणि विमानं दिली, आणि १९४९ च्या सुरुवातीला ग्रीक सैन्याची सूत्रं जनरल पापागोस यांच्या एकट्याच्या हातात आली. ऑगस्ट १९४९ मध्ये ग्रामोस डोंगरावर बंडखोरांचा शेवट झाला.

हे अमेरिकेचं यश म्हणून सांगितलं जातं. त्यात खरं आहे, पण निम्मंच. बंडखोरांना आसरा देणाऱ्या युगोस्लाव्हियाचे टिटो आणि रशियाचे स्टॅलिन यांचं १९४८ मध्ये बिनसलं, आणि जुलै १९४९ मध्ये टिटोंनी युगोस्लाव्हियाची सीमा बंद केली. बंडखोरांची पाठ उघडी पडली. शिवाय ग्रीक शेतकऱ्याला जमीन देऊ करून भुलवणं अवघड होतं, कारण १९२० च्या दशकातच मोठ्या जमिनी मोडून वाटल्या गेल्या होत्या. आणि या विजयाची किंमत ग्रीक माणसानं चुकती केली: माक्रोनिसोस बेटावरच्या छावण्यांत हजारो राजकीय कैदी डांबले गेले, आणि जे सैन्य एवढं बळकट केलं त्याच सैन्यातल्या कर्नलांनी १९६७ मध्ये देश ताब्यात घेतला. सात वर्षं सोडला नाही.

चीन आणि तैवान यांची जोडी तर प्रयोगशाळेत ठेवावी अशी. जपान शरण आल्यापासून अमेरिकेनं च्यांग कै-शेक यांच्या सरकारला दोन अब्ज डॉलरहून जास्त मदत दिली, आणि तरीही १९४९ मध्ये ते सरकार मुख्य भूमीवरून उखडलं गेलं. तोच पक्ष, तोच नेता, तीच माणसं तैवान बेटावर गेली. तिथं १९४९ मध्ये खंड पिकाच्या साडेसदतीस टक्क्यांवर बांधला, १९५३ मध्ये कसणाऱ्यांच्या नावावर जमिनी केल्या. मुख्य भूमीवर जे जमलं नाही ते इथं कसं जमलं? मुख्य भूमीवर जमीनदार हे पक्षाचे आधार होते. तैवानमधले जमीनदार त्यांचे कुणीच लागत नव्हते. अमेरिका आणि च्यांग यांच्या सरकारांच्या संयुक्त ग्रामीण आयोगानं बियाणं, खतं, शेतकरी संघ यांचं काम गावोगाव नेलं, आणि सामुद्रधुनीत अमेरिकेचं सातवं आरमार उभं राहिलं. १९६५ मध्ये तिथली आर्थिक मदत थांबवता आली. लष्करी कायदा मात्र १९८७ पर्यंत होता, हेही लक्षात असू द्या.

फिलिपाईन्सबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण ते माझ्या डोळ्यांखालून गेलेलं आहे. मध्य लुझोनच्या भातशेतीत अर्ध्या वाट्यानं जमीन कसणारी कुळं होती. जपान्यांविरुद्ध लढलेले हुक गनिम युद्ध संपल्यावर जमीनदारांविरुद्ध उठले. सरकारी शिपाई गावात आला की कोंबड्या न्यायचा, भात न्यायचा, कधी पोरीबाळींना त्रास द्यायचा. १९५० मध्ये रामोन मॅगसायसाय संरक्षणमंत्री झाले. त्यांनी सैन्याचे पगार नीट केले, शिस्त आणली, नालायक अधिकारी घरी पाठवले, आणि गावच्या साध्या माणसालाही दहा सेंटाव्होत थेट मंत्र्याला तार करून तक्रार करता येईल अशी सोय केली. १९५१ च्या निवडणुकीत मतपेट्यांवर सैन्याचा पहारा ठेवला. शरण आलेल्या हुकांसाठी मिंदानाओत वसाहती काढल्या. तिथं गेलेली कुटुंबं हजाराच्या आतच होती, पण बातमी सगळीकडे पोचली. मे १९५४ मध्ये हुकांचा नेता लुईस तारुक शरण आला. अमेरिकेची लढाऊ फौज या कामी आली नाही. मदत मात्र मोजून-मापून आली: १९५० च्या बेल समितीनं पाच वर्षांत २५ कोटी डॉलर सुचवले, आणि अट घातली की आधी श्रीमंतांकडून कर वसूल करा आणि किमान वेतनाचा कायदा करा.

१९८० च्या दशकात मी लोस बान्योसच्या भात संशोधन संस्थेत प्रशिक्षणाला होतो, तिथून न्युएवा एसिहा प्रांतात कालव्यावर जायचो. पोटचारीच्या कडेला एक म्हातारा भेटायचा, दारं धरायला यायचा. तरुणपणी तो हुकांबरोबर डोंगरात होता. खाली का आलास, म्हणून मी एकदा विचारलं. त्याचं उत्तर दुभाषानं सांगितलं ते असं: ‘शिपाई कोंबडीचे पैसे द्यायला लागला.’ एवढंच. मी त्या वाक्यावर पुष्कळ वर्षं विचार केला आहे. डॉलरचा आकडा, रायफलींची संख्या यांतलं त्याला काही ठाऊक नव्हतं. त्याला दिसलं ते हे की सरकार बदललंय, आणि ते त्याच्या अंगणात येऊन बदललंय.

पण मॅगसायसाय १९५७ मध्ये विमान अपघातात गेले. १९५५ चा जमीन सुधारणा कायदा जमीनदारांनी भरलेल्या संसदेनं पोखरून ठेवला होता. म्हाताऱ्याचा वाटा अर्धा होता तो अर्धाच राहिला. १९६९ मध्ये त्याच मध्य लुझोनमधून नवी कम्युनिस्ट सेना उभी राहिली, आणि मी तिथं होतो तेव्हा अंधार पडल्यावर आम्हाला कालव्यावर थांबू देत नसत. फौजेनं आणि शिस्तीनं मिळवलेली पंधरा वर्षं हातची गेली.

इथं एक आपल्याकडची गोष्ट सांगतो, विषयाला सोडून नाही. मॅगसायसाय यांच्या नावानं दिलेल्या पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, १९५८ मध्ये, सामाजिक नेतृत्वाचा पुरस्कार विनोबांना मिळाला. विनोबांचं भूदान सुरू झालं ते १८ एप्रिल १९५१ ला पोचमपल्लीत, तेलंगणात, जिथं कम्युनिस्टांनी सशस्त्र लढ्यात जमिनी वाटल्या होत्या आणि सैन्य तळ ठोकून होतं. रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याचा हा माणूस हातात काही न घेता तिथं चालत गेला आणि कम्युनिस्ट जे मागत होते तेच मागू लागला. भूदानातल्या बऱ्याच जमिनी पुढं निकस निघाल्या, कागद रखडले. ते सगळं मान्य. पण प्रश्न कशाचा आहे, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बरोबर ओळखलं होतं.

मलायाबद्दल (आजच्या मलेशियाचा भाग) थोडक्यात: तिथलं कम्युनिस्ट बंड मोडायला ब्रिटिशांनी पाच लाखांच्या आसपास माणसं, बहुतेक चिनी, कुंपणाच्या नव्या गावांत हलवली, जबरदस्तीनं. त्याबरोबर त्यांना घराच्या जागेचे हक्क आणि नागरिकत्व देऊ केलं, आणि १९५७ मध्ये देशच स्वतंत्र करून टाकला. बंडखोरांचा मुद्दा गेला. हीच कुंपणं अमेरिकेनं व्हिएतनाममध्ये नक्कल करून नेली, बाकीचं मागं ठेवून.

व्हिएतनाममध्ये सगळं उलट्या क्रमानं झालं. दक्षिणेत कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालच्या व्हिएत मिन्हनं फ्रेंचांविरुद्धच्या युद्धकाळात बऱ्याच ठिकाणी जमिनी वाटल्या होत्या. दक्षिण व्हिएतनामच्या न्गो दिन्ह दिएम यांच्या सरकारनं १९५६ मध्ये जमीन कायदा केला, त्यात मालकाला शंभर हेक्टरपर्यंत जमीन ठेवायची मुभा दिली. मेकाँगच्या खोऱ्यात शंभर हेक्टर म्हणजे अडीचशे एकर भातखाचर! जिथं कुळाच्या हातात जमीन आली होती, तिथं जुना मालक सरकारी शिपाई बरोबर घेऊन खंड मागायला परत आला. आता त्या कुळाला तुम्ही अमेरिकन खताची पोती दिलीत काय आणि शाळा बांधून दिलीत काय.

त्यात मदतीचा मोठा हिस्सा ज्या वाटेनं यायचा, ती आयातीची योजना होती. डॉलरनं बाहेरचा माल घ्यायचा, सायगॉनचे व्यापारी त्याचे पैसे स्थानिक चलनात भरणार, त्यातून सरकार सैन्याचा पगार करणार. कागदावर ही मार्शल योजनेची धाकटी बहीण. प्रत्यक्षात शहरात स्कूटर आणि फ्रीज आले, व्यापारी गब्बर झाले, आणि सरकारला खेड्यातून कर गोळा करायची गरजच राहिली नाही. जे सरकार कर घ्यायलाही गावात जात नाही, ते गावाचं काही ऐकतही नाही. त्यामुळे तिथं मदतीनंच सरकार आणि लोक यांच्यातला दुवा तोडला, असं मी म्हणतो.

१९६२ मध्ये कुंपणाची गावं आली. माणसांना वाडवडिलांच्या थडग्यांपासून उठवून नेलं. नोव्हेंबर १९६३ मध्ये दिएम मारले गेले. मार्च १९६५ मध्ये कम्युनिस्ट उत्तर व्हिएतनामवर सतत बाँबफेक सुरू झाली आणि दा नांगला अमेरिकेचे मरीन उतरले. आणि ७ एप्रिल १९६५ ला अध्यक्ष जॉन्सन यांनी भाषणात मेकाँग खोऱ्याच्या विकासासाठी एक अब्ज डॉलर देऊ केले. मला या भाषणाचं मोल आहे. टेक्सासच्या गरीब भागात वीज आलेली पाहिलेला माणूस मनापासून बोलत होता. पण ज्याच्या घरावर महिनाभर बाँब पडत आहेत त्याला धरणाचं आमिष कसं ऐकू येणार? १९६९ मध्ये तिथं पाच लाख चाळीस हजारांवर अमेरिकन सैनिक होते. तोफांच्या माऱ्याखालून लोक शहरांकडे पळाले, आणि एके काळी तांदूळ बाहेर पाठवणारा दक्षिण व्हिएतनाम अमेरिकन तांदळावर जगू लागला.

मग उशिरा का होईना, काही गोष्टी बरोबर झाल्या. मे १९६७ मध्ये रॉबर्ट कोमर यांच्या हाताखाली लष्करी आणि मुलकी मदत एकाच यंत्रणेत आणली. जिल्ह्यात रस्त्याचं काम कुणाचं आणि बंदोबस्त कुणाचा यावरून दोन कचेऱ्यांत चालणारी भांडणं थांबली. आयआर-८ भाताचं बियाणं आलं; एका चांगल्या सुगीत होंडा घेता येते म्हणून लोक त्याला ‘होंडा भात’ म्हणू लागले. आणि २६ मार्च १९७० ला दक्षिणेचे अध्यक्ष थिएऊ यांच्या सरकारनं कसणाऱ्याला जमीन देणारा कायदा केला. मर्यादा शंभरावरून पंधरा हेक्टरवर आणली, आणि तीनेक वर्षांत सुमारे दहा लाख हेक्टर कुळांच्या नावावर झाली. खोऱ्यातल्या गनिमांची भरती त्यानंतर आटली. पण तोवर अमेरिकेतल्या लोकांचा धीर संपला होता, आणि १९७५ मध्ये जे आलं ते गनिमांचं बंड नव्हतं, उत्तरेच्या नियमित सैन्याचे रणगाडे होते. १९५६ मध्ये हाच कायदा झाला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न मला झोपू देत नाही.

जास्त पैसा आला की काम वाढतं असं ज्यांना वाटतं, त्यांना माझा एक अनुभव सांगतो. एका देशात (नाव नको) मी ज्या प्रकल्पात होतो तिथं वर्षअखेरीच्या आत निधी खर्ची पडला पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी कमी मिळेल, असा नियम होता. शेवटच्या दोन महिन्यांत आम्ही चौदा गाड्या घेतल्या आणि अकरा किलोमीटर चारीला अस्तर केलं. शेतकऱ्यांच्या बैठका झाल्याच नव्हत्या, त्यामुळे अस्तर केलेल्या चारीला वरच्या अंगाच्या लोकांनी रातोरात भोकं पाडली. टेलच्या, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला पाणी मिळालं नाही ते नाहीच. मी तेव्हा काही बोललो नाही, ही माझी चूक. कालव्यात पाणी वाढवलं म्हणून टेलला पोचत नाही. मधली दारं कुणाच्या हातात आहेत ते बघावं लागतं. परदेशी मदतीचं सगळं शास्त्र मला यात दिसतं.

आता आपला देश. १९६६ साली मी नऊ वर्षांचा होतो, माण तालुक्यात. पाऊस लागोपाठ दुसऱ्या वर्षी गेला होता. रेशनवर अमेरिकेचा लाल गहू आणि मिलो नावाची तांबडी ज्वारी यायची. मिलोची भाकरी थापताना चिरायची, आजी पिठात गरम पाणी घालून घालून हैराण व्हायची. शाळेत दुधाच्या भुकटीचं पोतं यायचं, त्यावर एकमेकांत गुंफलेले दोन हात छापलेले असत. ते दूध पिऊन आम्ही जगलो, हे मी कधी विसरणार नाही. त्या वर्षी अमेरिकेतून ऐंशी लाख टनांच्या आसपास धान्य भारतात आलं.

त्या जहाजांमागची गोष्ट मला फार पुढं कळली. १९६० मध्ये, महाराष्ट्र राज्य होऊन तीन दिवस झाले असताना, मुंबईचे स. का. पाटील यांनी केंद्रीय अन्नमंत्री म्हणून आयझेनहॉवर यांच्याबरोबर एक कोटी साठ लाख टन गहू आणि दहा लाख टन तांदळाचा चार वर्षांचा करार केला होता. जॉन्सन यांनी १९६५ नंतर ही पद्धत बदलली. धान्य महिन्या-महिन्याला, शेवटच्या क्षणी मंजूर करायचं. एक हेतू भारतानं शेतीवर जास्त खर्च करावा हा होता, आणि तो योग्यच होता. तेव्हाचे अन्नमंत्री सुब्रह्मण्यम यांना स्वतःलाही तेच हवं होतं. पण व्हिएतनामवरच्या बाँबफेकीबद्दल भारत बोलतो, याचा रागही त्या दिरंगाईत होता. दिल्लीत मंत्री जहाजं मोजत बसायचे. अशी मदत पोट भरते, पण देणाऱ्याबद्दल मनात अढी ठेवून जाते. पाच वर्षांनी, ऑगस्ट १९७१ मध्ये, भारतानं मैत्रीचा करार केला तो सोव्हिएत संघाशी.

शस्त्रांच्या बाबतीत तर अमेरिकेनं भारताला हातानं दूर लोटलं. मे १९५४ मध्ये पाकिस्तानशी लष्करी मदतीचा करार झाला, साम्यवादाविरुद्ध भिंत म्हणून. त्या मदतीतून आलेले पॅटन रणगाडे रशियाविरुद्ध कधी चालले नाहीत. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणच्या उसाच्या आणि पाण्यानं भरलेल्या शेतांत ते रुतले. नगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे, तिथं यातला एक प्रकार उभा आहे. पोरांना घेऊन जा. मी त्याच्या पोलादावर हात ठेवून उभा राहिलो होतो, आणि मनात आलं, एका वर्षाच्या अंतरानं त्याच देशानं आम्हाला मिलो पाठवली.

१९६२ मध्ये चीननं हल्ला केला तेव्हा संधी आली होती. केनेडींनी तातडीनं विमानं आणि साहित्य पाठवलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं आपण ज्यांच्याबद्दल म्हणतो, ते यशवंतराव चव्हाण मे १९६४ मध्ये संरक्षणमंत्री म्हणून वॉशिंग्टनला गेले. त्यांना एफ-१०४ लढाऊ विमानं हवी होती. पाकिस्तानला ती आधीच मिळाली होती. अमेरिकेनं नकार दिला. यशवंतराव तिथं असतानाच नेहरू गेल्याची बातमी आली. त्याच वर्षी ते मॉस्कोला गेले, आणि यशवंतराव तेव्हा लोकसभेत ज्या नाशिकचे खासदार होते तिथं, ओझरला, मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. नाशिक-ओझरच्या कितीतरी घरांत त्या कारखान्यानं भाकरी आणली. साम्यवादी चीनशी लढलेल्या, निवडणुका घेणाऱ्या सगळ्यात मोठ्या देशाची विमानं सोव्हिएत आराखड्याची, आणि लष्करशहाच्या हाती अमेरिकन पॅटन. धोरणाचा हेतू काय आणि फळ काय!

म्हणून प्रमाणाचा आकडा विचारलात तर मी देणार नाही, पण कुठल्याही देशाचा अभ्यास करताना काय शोधाल ते सांगतो. बंडखोरांचं मुख्य आश्वासन कोणतं होतं, आणि सरकारनं त्यातलं काय, कोणत्या साली दिलं. सैनिक कुणाचे होते. स्थानिक असतील तर पगार नियमित होता का, गावात वागणूक कशी होती. मदत घेणारं सरकार स्वतःच्या श्रीमंतांकडून कर घेत होतं का. सीमेपलीकडून रसद चालू होती की बंद झाली. आणि देणाऱ्या देशातले लोक किती वर्षं तग धरणार होते. अफगाणिस्तानात १९८० च्या दशकात शस्त्रं भरपूर गेली, आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये सोव्हिएत फौज परत गेल्यावर, शाळा-शेती-कालव्यांना पैसा लागणार त्याच क्षणी, अमेरिकेचं लक्ष उडालं. १९६१ मध्ये केनेडींनी स्थापन केलेली यूएसएड ही मदत संस्थाही १ जुलै २०२५ ला स्वतंत्र संस्था म्हणून बंद झाली. त्या गुंफलेल्या हातांचं पोतं आता दिसणार नाही.

व्हिएतनाममध्ये मी १९९७ मध्ये गेलो, कान थोच्या परिसरात, पाणीवाटपाच्या कामासाठी. एका शेतकऱ्यानं जेवायला बोलावलं. माझे आजोबा कूळ होते आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर त्यांचं नाव जमिनीला लागलं, हे मी बोलता बोलता सांगितलं. कुळकायदा समजावताना दुभाषाची दमछाक झाली. शेतकरी उठला आणि आतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आला. त्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले दोन कागद होते. एक १९७१ चा, थिएऊ सरकारच्या शिक्क्याचा, त्याच्या वडिलांच्या नावाचा. दुसरा लाल पुठ्ठ्याचा, १९९३ च्या कायद्यानंतर कम्युनिस्ट सरकारनं दिलेला, वापराच्या हक्काचा. पहिला कागद आता कुठल्याच कचेरीत चालत नाही. मी विचारलं, मग जपून का ठेवला? तो म्हणाला, त्यावर बांधाची मापं बरोबर आहेत. दुसऱ्यात कालव्याकडची बाजू चार मीटर कमी पडते.

जेवण झाल्यावर आम्ही टेप घेऊन मोजायला गेलो. चार मीटर कमीच होते.